अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांची अंगदुखी आणि योग्य उपचारकाची निवड : बेळगाव सीमाभागातील वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेतील फौंड्री कामगार, वडगाव-खासबागचे यंत्रमाग विणकर, निपाणीतील विडी कामगार स्त्रिया, खानापूरच्या वीटभट्ट्यांवर राबणारे मजूर, बाजारपेठांतील हमाल, गवंडी, सेंट्रिंग कामगार, ऊसतोड करणारे आणि स्वतःच्या शेतात राबणारे शेतकरी या सर्वांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत, मात्र तपासणीसाठी कोणाकडे जावे आणि कोणाकडे जाऊ नये हे ठरवण्यास त्यांचा उपयोग व्हावा.

अंग दुखते आहे. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वैद्य की मालीश करणारा, नेमके कोणाकडे जावे?

कोणाच्या हाताला गुण आहे याची चौकशी करण्याआधी दुखणे कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. दिवसभर काम केल्यावर अंग आंबते, ठणकते आणि रात्रीच्या झोपेनंतर बरेचसे हलके होते, हा थकवा आहे. त्यासाठी विश्रांती, गरम पाणी आणि जाणत्या हाताचे मालीश पुरेसे असते. अनेक महिन्यांनी पहिल्यांदाच जड काम केले असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग सर्वांत जास्त दुखते आणि त्यानंतर आपोआप उतरते. त्यातही घाबरण्यासारखे काही नसते.

दुखणे एकाच जागी ठाण मांडून बसले असेल, ठरावीक हालचालीला कळ येत असेल, दोन आठवडे उलटूनही कमी होत नसेल किंवा सुटीच्या दिवशी थांबून कामावर जाताच पुन्हा सुरू होत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जावे. दुखण्यासोबत ताप, सूज, बधिरपणा, हातापायातील ताकद कमी होणे किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टरांकडे जाऊन निदान करून घ्यावे आणि तोपर्यंत अंगाला कोणाचाही हात लावू देऊ नये.

कोणत्या परिस्थितीत मालीश मुळीच करून घेऊ नये?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. वास्तविक तो सर्वांत आधी विचारला पाहिजे.

एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागते आहे आणि दाबल्यावर दुखते आहे, अशा वेळी आतील शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती पोटरी रगडल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जिवावर बेतते. तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांवर ज्या फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात, त्यांवरही जोर देऊ नये.

कंबरदुखीसोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघेच्या आतील आणि बसण्याच्या जागेतील भाग बधिर झाला किंवा दोन्ही पायांतील बळ गेले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. मज्जारज्जूच्या टोकाकडील नसा दाबल्या गेल्याची ही खूण आहे आणि तेथे उशीर झाला तर नुकसान कायमचे राहते.

पाठीचे दुखणे रात्री अधिक जागवते, संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक मंदावली आहे आणि कपडे सैल होऊ लागले आहेत, असे असेल तर मणक्याच्या क्षयाची शक्यता तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. अशा माणसाच्या पाठीवर आठवडेच्या आठवडे तेल जिरवले जाते आणि दरम्यान मणका पोखरत राहतो.

छातीत दडपल्यासारखे होऊन कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ते 'ओझ्याने भरलेले अंग' समजू नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रणरणत्या उन्हात ऊसतोड किंवा भट्टीचे काम केल्यानंतर स्नायू कमालीचे दुखू लागले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू तुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडावर जात असतात. हेही त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याचे प्रकरण आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर कोणत्याही मालीशपूर्वी डॉक्टरांना विचारावे.

चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत काय करतो?

तो आधी काम विचारतो. नुसता 'काम काय करता' एवढा प्रश्न विचारून थांबत नाही; किती वजन उचलता, कोणत्या खांद्यावर घेता, किती तास उभे राहता, यंत्र कमरेच्या उंचीला आहे की छातीच्या, पाळी रात्रीची असते का, हे सगळे विचारतो. आमच्या मते उपचारक पारखण्याची याहून सोपी कसोटी नाही. ज्याला आपले काम माहीत नाही तो दुखणे शमवू शकेल, पण ते परत का येते हे त्याला सांगता येणार नाही.

त्यानंतर तो हालचाली करून बघतो. कंबरदुखीच्या रुग्णाला पुढे वाकायला, मागे झुकायला, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगतो. उताणे झोपवून गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलतो आणि कळ कोठपर्यंत जाते ते विचारतो. कळ मांडीच्या मागून पोटरीत, तेथून पावलापर्यंत उतरत असेल तर नस दबल्याचा संशय घेतो, पायाच्या अंगठ्याची ताकद बघतो, त्वचेवर कापूस फिरवून संवेदना तपासतो. एवढे झाल्यावरच तो हात लावतो. तपासणीची सुरुवातच यंत्राला जोडून करणारा आणि वीस मिनिटे शेक देऊन 'उद्या या' म्हणणारा उपचारक असेल, तर दुसरा शोधावा.

भेटीच्या शेवटी घरी करण्याचे दोन-तीन व्यायाम आणि कामाच्या पद्धतीतील एखादा बदल सांगितला गेला पाहिजे. दहा-बारा व्यायामांची छापील यादी दिली, तर ती घरात कोनाड्यात पडून राहते.

पदवी आणि नोंदणी कशी तपासावी?

आज व्यवसाय करणाऱ्या बहुतेक फिजिओथेरपिस्टनी बी.पी.टी. हा साडेचार वर्षांचा, शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष रुग्णालयात काम करण्याचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो. पुढील पदव्युत्तर शिक्षण एम.पी.टी. या नावाने ओळखले जाते. 2021 साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी जो कायदा केला, त्यात फिजिओथेरपीचाही समावेश आहे. आयुर्वेद वैद्यांसाठी बी.ए.एम.एस. ही पदवी असते.

कर्नाटकात खासगी दवाखान्यांना 2007 च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली जिल्हा पातळीवर नोंदणी करावी लागते, नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते आणि दरपत्रकही दाखवावे लागते. प्रमाणपत्र दिसले नाही तर विचारण्यात कसलाही अपमान नाही. मालीश करणाऱ्याला अशी वैद्यकीय पदवी वा नोंदणी लागत नाही, म्हणून त्याने केलेला निदानाचा दावा ('तुमचा मणका सरकला आहे', 'नस चढली आहे') मान्य करू नये. त्याचे काम स्नायू सैल करणे एवढेच आहे, आणि तेवढे चांगले करणारा माणूस मोलाचा असतो.

बेळगाव परिसरात परवडणारे उपचार कोठे मिळतील?

बिम्सचे (बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे) जिल्हा रुग्णालय हे सर्वांत स्वस्त ठिकाण आहे. नेहरूनगर येथील केएलई या शिक्षणसंस्थेच्या प्रभाकर कोरे रुग्णालयाला जोडून त्याच संस्थेचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, आणि शहापुरात केएलईचेच बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय 1933 पासून चालू असून तेथे पंचकर्माची सोय आहे. शिकाऊ डॉक्टर तपासतात म्हणून महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाण्यास काहीजण नाखूश असतात. वस्तुतः शिकाऊ विद्यार्थी अधिक वेळ देतो, सविस्तर लिहून घेतो आणि त्याच्यावर शिक्षकाची देखरेख असते. गैरसोय आहे ती रांगेची आणि दर खेपेला नवा चेहरा समोर येण्याची. म्हणून आधीचा केसपेपर जपून ठेवावा.

कर्नाटकात 11 जून 2023 पासून 'शक्ती' योजनेखाली महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून राज्यांतर्गत मोफत प्रवास करता येतो. खानापूर, हुक्केरी किंवा चिकोडीहून आठवड्यातून दोनदा बेळगावला येणे ज्या स्त्रियांना बसभाड्यामुळे जमत नसे, त्यांनी हा मार्ग लक्षात ठेवावा. कर्नाटकातील पत्त्याचे ओळखपत्र सोबत असावे.

ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) फायदा फिजिओथेरपीसाठी होतो का?

होतो. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात काम करणारा कामगार यात येतो. त्याच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. त्या बदल्यात कामगारालाच नव्हे, त्याच्या कुटुंबालाही उपचार मिळतात. कामगाराने आधी आपल्या नेमलेल्या दवाखान्यात जावे आणि तेथून रुग्णालयात पाठवणी करून घ्यावी. उद्यमबागेतील अनेक कामगार वर्षानुवर्षे पैसे कापले जात असूनही पदरचे पैसे खर्चून बाहेर उपचार घेतात, कारण कार्डच काढलेले नसते किंवा ठेकेदाराने नाव नोंदवलेच नसते. पगारपत्रकात कपात दिसत असेल तर विमा क्रमांक मागून घ्यावा. कामावर असताना दुखापत झाली, तर तिची नोंद अपघात-नोंदवहीत त्याच दिवशी करून घ्यावी. नंतर ती सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

बांधकाम मजुरांसाठी राज्याचे वेगळे कल्याण मंडळ आहे. वय 18 ते 60 असलेल्या आणि मागील बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराला त्यात नाव नोंदवता येते. विडी कामगारांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण संघटनेचे दवाखाने असतात. तेथे विडी कामगाराचे ओळखपत्र लागते.

निपाणी, अथणी भागातील लोकांनी कोल्हापूर-मिरजेला जावे का?

जवळ पडत असेल तर अवश्य जावे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे आणि तेथील सीपीआर हे सरकारी रुग्णालय या भागातील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. अथणी, कुडची, उगार भागाला मिरज सोयीचे. कुडची आणि उगारहून तर रेल्वेही आहे. (चंदगड तालुक्यातील लोक नेमके उलट बेळगावला येतात. दुखणाऱ्या कमरेला सीमा ठाऊक नसते.)

अडचण येते ती सरकारी योजनांची. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही. महाराष्ट्र शासनाने 2023 साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. परंतु ती प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील फिजिओथेरपीच्या आठ-दहा खेपा तीत बसतील असे गृहीत धरून घर सोडू नये, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आधी भेटावे. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायचे उपचार शक्यतो घराजवळच घ्यावेत. दुखऱ्या कमरेने दोन तास बसमध्ये हिंदकळत जाऊन मिळवलेला आराम परतीच्या प्रवासात संपतो.

तालमीतील वस्तादांकडून मालीश करून घेणे योग्य आहे का?

बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही बाजूंना कुस्तीची परंपरा आहे आणि तालमीतील मालीश ही पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली विद्या आहे. पैलवानाचे अंग रोज हाताखालून गेलेले असल्याने कोणता स्नायू आखडला आहे हे वस्तादाच्या बोटांना चटकन कळते. थकलेल्या, आखडलेल्या अंगासाठी असा हात मिळाला तर तो सोडू नये.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्याव्यात. पैलवानाचे अंग विशीतील, खुराकावरचे आणि मेहनतीने घट्ट झालेले असते. पंचावन्न वर्षांच्या, मधुमेह असलेल्या हमालाला तोच जोर सोसणार नाही. दुसरे म्हणजे सांधा निखळला आहे असे वाटल्यास तो तालमीत बसवून घेऊ नये, कारण सांध्याजवळ हाड मोडले आहे की नाही हे क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही. जाणते वस्ताद हे स्वतःच सांगतात आणि रुग्णालयात धाडतात.

हाडवैद्याकडे जावे का?

मुका मार आणि साधी लचक यांसाठी लेप आणि पट्टी बांधून आराम वाटतो, हे खरे आहे. मोडलेल्या हाडाच्या बाबतीत धोका आहे तो घट्ट बांधलेल्या कामट्यांचा. आतून सूज वाढते, बाहेरून पट्टी सैल होत नाही आणि रक्तपुरवठा तुटतो. बोटे काळीनिळी, थंड किंवा बधिर पडली, किंवा बोटे हलवताना असह्य कळ आली, तर पट्टी तत्काळ सोडून रुग्णालय गाठावे. 'सकाळी बघू' म्हटल्याने हात कायमचा आखडून गेल्याची किंवा कापावा लागल्याची उदाहरणे अस्थिरोग विभागातील कोणताही डॉक्टर सांगेल. लहान मुलांच्या कोपराजवळचे हाड मोडले असेल तर हा धोका सर्वाधिक असतो.

उसण भरली तर पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणे, बिब्बा घालणे, डाग देणे यांचा उपयोग होतो का?

उसण बहुधा दोन-चार दिवसांत आपोआप उतरते. श्रेय मिळते ते त्या दरम्यान जे केले त्याला. पायाळू माणसाच्या हलक्या स्पर्शाने काही बिघडत नाही, पण जोराने लाथ बसल्यास, विशेषतः वयस्क स्त्रीच्या ठिसूळ मणक्यावर, हाड मोडू शकते. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात आणि डागण्याची जखम चिघळते. हे दोन्ही करू नये.

केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेतली की बरे वाटते. काही अपाय आहे का?

आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला झटक्याने चीर पडून पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित घडते; परंतु दोन मिनिटांच्या सुखासाठी ही जोखीम घेण्याचे कारण नाही. डोक्याची चंपी खुशाल करून घ्यावी आणि मानेला हात घालण्यापूर्वीच 'मान मोडू नका' असे सांगावे.

बाजारात किंवा घरोघरी पुड्या मिळतात. त्यांनी दोन दिवसांत गुण येतो. त्या घ्याव्यात का?

ज्या पुडीवर घटकांची नावे नाहीत, ती घेऊ नये. दोन दिवसांत चमत्कारिक आराम देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेले सापडते. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, पोटात व्रण पडतात. अनेक महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नये. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवावी. दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांबाबतही सावध राहावे. उपाशीपोटी आणि उन्हातान्हात, पाणी कमी पडलेले असताना त्या घेतल्याने मूत्रपिंडाला इजा होते, आणि ऊसतोडीच्या किंवा भट्टीच्या कामावर नेमकी हीच परिस्थिती असते.

स्त्रियांनी कोणाकडे जावे? पुरुष उपचारकाकडे जाणे संकोचाचे वाटते.

महाविद्यालयांच्या फिजिओथेरपी विभागांत विद्यार्थिनी आणि शिक्षिका मोठ्या संख्येने असतात. नाव नोंदवतानाच 'बाईंकडून तपासणी हवी' असे सांगावे; ही मागणी रास्त आहे आणि सहसा मान्य होते. उपचारक कोणीही असो, सोबतची बाई खोलीत थांबू शकते, जो भाग तपासायचा तेवढाच उघडा करायचा असतो, आणि पुढे काय करणार हे आधी सांगितले गेले पाहिजे. यांपैकी काही नाकारले गेले तर तेथून उठून यावे.

गावोगावी बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बायका असतात. कष्टकरी स्त्रीला मिळणारे जाणते मालीश बहुतेक वेळा एवढेच असते, तेही फक्त बाळंतपणाच्या सव्वा महिन्यात. या बायकांचा हात सरावाचा असतो. लावणीच्या किंवा मळणीच्या हंगामात चौघी-पाचजणींनी मिळून आठवड्यातून एकदा अशा बाईला बोलावले, तर तिलाही काम मिळते आणि यांचेही अंग हलके होते. गरोदरपणी पोटावर आणि सिझेरियनच्या ताज्या व्रणावर मात्र जोर देऊ देऊ नये.

विडी वळताना बोटांना मुंग्या येतात, रात्री हात झटकत उठावे लागते. हे वयामुळे होते का?

वयापेक्षा कामामुळे होण्याची शक्यता अधिक. मांडीवर सूप, एका हातात तेंदूचे पान, दुसऱ्या हाताच्या चिमटीत जर्दा. वळणे, दोरा गुंडाळणे आणि टोक दुमडणे ही हालचाल दिवसाला हजार विड्या होईपर्यंत चालते. त्यात मनगट वाकलेले राहते आणि अंगठा व पहिली दोन बोटे सतत दाबाखाली असतात. मनगटाच्या तळाशी असलेल्या अरुंद बोगद्यातून जी नस जाते ती सुजेमुळे दबते आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट यांत मुंग्या येतात. करंगळी बहुधा सुटते. रात्री त्रास वाढणे ही याची ठळक खूण आहे.

उपचारक मनगटाच्या आतील बाजूवर बोटाने टकटक करून किंवा दोन्ही मनगटे मिनिटभर वाकवून ठेवायला सांगून याची खात्री करतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी पाच-सहा आठवडे बांधल्यास सुरुवातीच्या टप्प्यात चांगला आराम पडतो. सूप मांडीऐवजी थोड्या उंच पाटावर ठेवावे, पाठ भिंतीला टेकवावी, दर शे-दीडशे विड्यांनंतर उठून हात खाली सोडून हलवावेत. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग सपाट होऊ लागला असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर आता नुसत्या पट्टीने भागणार नाही. अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवावे. मधुमेह आणि थायरॉइडमध्येही हीच लक्षणे दिसतात, म्हणून त्यांची रक्ततपासणी करून घ्यावी.

भातलावणीच्या दिवसांत कंबर धरते. काय करावे?

चिखलात तासन्‌तास पुढे वाकून राहिल्याने कमरेच्या मागील भागावर सतत ताण राहतो. सर्वांत उपयुक्त उपाय बिनखर्चाचा आहे. दर अर्ध्या तासाने ताठ उभे राहावे, दोन्ही तळहात कमरेवर ठेवावेत आणि सावकाश मागे झुकावे. असे पाच-सहा वेळा करावे. मागे झुकताना कळ पायात उतरली तर थांबावे. संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ करून पालथे झोपावे आणि कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटे राहावे. कंबर धरली म्हणून आठवडाभर अंथरुणावर पडून राहू नये. एक-दोन दिवसांपलीकडची निजून घेतलेली विश्रांती दुखणे लांबवते. पायात कळ उतरणारी 'गादी सरकलेली' कंबरही बहुतेकांच्या बाबतीत सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारते, त्यामुळे पहिल्याच भेटीत शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. अपवाद वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांचा.

पोती आणि ओझी उचलणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

सिमेंटचे पोते 50 किलोचे असते. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने एका माणसाने उचलण्यासाठी जी मर्यादा ठरवली आहे, ती सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही 23 किलोची आहे. हमालीत हे पाळणे शक्य नाही हे उघड आहे. म्हणून जमेल तेवढा ताण कमी करावा. पोते जमिनीवरून उचलण्याऐवजी कमरेच्या उंचीच्या थप्पीवरून पाठीवर घ्यावे, उचलताना दुसऱ्याने हात द्यावा, ओझे घेऊन कंबर पिळू नये, पावले टाकून वळावे. एकाच खांद्याची सवय मोडावी. डोक्यावर ओझे घेणाऱ्यांनी चुंबळ जाड आणि सपाट ठेवावी.

ग्राइंडर चालवणाऱ्यांच्या बोटांना थंडीत पांढरेपणा येतो. मालीशने बरे होईल का?

होणार नाही. सततच्या कंपनांमुळे बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, आणि बेळगावच्या थंड सकाळी ते प्रथम लक्षात येते. यंत्राची देखभाल, हात उबदार ठेवणे, कामाच्या पाळ्या बदलून घेणे आणि धूम्रपान सोडणे हेच उपाय आहेत. ईएसआयच्या डॉक्टरांना हे दाखवताना आपण ग्राइंडरवर किती वर्षे आहोत ते आवर्जून सांगावे.

शेक घ्यावा की बर्फ? तेल कोणते वापरावे?

ताज्या दुखापतीला पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे. जुन्या आखडलेल्या दुखण्याला शेक. निरगुडीच्या पाल्याचा असो किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी पायाला शेक घेऊ नये, कारण भाजलेले त्यांना कळत नाही. तेलाबद्दल फार चिकित्सा करू नये. तिळाचे, खोबरेल किंवा वैद्याने दिलेले, जे परवडते आणि अंगाला पुरळ आणत नाही ते चालते.

पंचकर्माचा उपयोग होतो का?

अभ्यंग (तेल चोळणे), स्वेदन (वाफेने घाम आणणे) आणि कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल धरून ठेवणे) यांनी आखडलेल्या कमरेला आराम पडल्याचे अनेक रुग्ण सांगतात. बस्ती (औषधी एनिमा) किंवा विरेचन (औषधाने जुलाब) यांसारखे उपचार मात्र पदवीधर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावेत, आणि त्या काळात जड काम बंद ठेवण्याची तयारी असावी. रोजंदारीवरच्या माणसाने आधी मजुरी किती बुडेल याचा हिशोब करावा.

किती बैठका लागतात आणि पैसे आधी भरावेत का?

दुखण्यावर अवलंबून आहे. पण चार ते सहा बैठकांत काहीच फरक नसेल, तर उपचारकाने स्वतःहून फेरतपासणी केली पाहिजे. वीस किंवा तीस बैठकांचे पैसे एकरकमी भरून घेणाऱ्या केंद्रांपासून दूर राहावे. प्रत्येक बैठकीचा दर आणि त्यात नेमके काय करणार हे विचारून घ्यावे आणि पावती घ्यावी.

डॉक्टरांशी कन्नड किंवा इंग्रजीत बोलावे लागते आणि दुखणे नीट सांगता येत नाही. काय करावे?

घरातील शिकलेल्या मुलाकडून चार ओळी लिहून न्याव्यात: काम काय, दुखणे केव्हापासून, कोणत्या हालचालीने वाढते, कोणती औषधे चालू आहेत. दुखणारी जागा बोटाने दाखवावी आणि कळ जेथवर जाते तेथवर बोट फिरवावे. मुंग्या, बधिरपणा आणि ठणका या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तिन्हींसाठी 'दुखते' एवढेच सांगितले गेले तर निदान चुकू शकते. शहरातील बहुतेक दवाखान्यांत कोणी ना कोणी मराठी जाणणारे असते, तेव्हा परिचारिकेला किंवा नोंदणी खिडकीवर निःसंकोच विचारावे.

हंगामात उपचार अर्धवट सोडावे लागले तर?

ऊसतोडीचा किंवा लावणीचा हंगाम येणार हे आधीच ठाऊक असते, तेव्हा पहिल्याच भेटीत तशी कल्पना द्यावी. बैठका बंद पडल्या तरी दोन व्यायाम चालू ठेवता येतील असे पाहावे: एक सकाळी कामाला जाण्यापूर्वी आणि एक रात्री अंथरुणावर. कमरेचा पट्टा दिला असेल तर तो फक्त ओझे उचलताना बांधावा, दिवसभर बांधून ठेवल्यास पाठीचे स्नायू दुबळे होतात. केसपेपर, क्ष-किरण चित्र आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावी न्याव्यात, म्हणजे तोडीच्या फडावर दुखणे उलटले तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना आधी काय झाले होते ते कळेल. हंगाम संपल्यावर दुखणे थांबलेले असले तरी एकदा दाखवून यावे, कारण पुढच्या हंगामापूर्वी पाठीची आणि मांड्यांची ताकद वाढवण्यासाठी हेच चार-पाच महिने हाती असतात.